मोकळ्या जागेचे पैसे नाहीत

सेलूच्या स्टेशन रोडला माझं दुकान, मुनीर पेंटर.
अक्षरामागं तीस रुपये,
काना-मात्रा त्यातच, सावली दिली तर पाच जादा.
दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेचे
मी लावत नाही.

खरं तर सगळी गंमत तिथंच असते.
'चव' लिहायचं, वीतभर सरकायचं, मग 'दार'.
मेसवाला डांगे खूश. सोमवारी मेस बंद,
पोरं म्हणायची, आज चवीला कुलूप.

जिंतूर फाट्यावर 'पोहेचलो'.
एसटीतून उतरलेला माणूस ते वाचून
आधी घरी फोन लावायचा,
मग प्लेट सांगायचा.
ताकाच्या गाड्यावर 'दहीशत' लिहिलं
तर चौकीवरून बोलावणं आलं. गेलो.
जमादारानं दोन ग्लास ताक पिऊन
बोर्ड पास केला.

सगळ्यात जास्त मिरवलो ते 'रस्साखेच'वर.
मानवतच्या दोन भावांची खानावळ,
अक्षरं तिरकी काढली होती, टाचा रोवल्यासारखी.
चौथ्या वर्षी वाटण्या झाल्या, मधोमध भिंत,
बोर्डसुद्धा करवतीनं कापला.
थोरल्याकडं 'रस्सा' गेला,
धाकट्याकडं 'खेच'.
धाकटा आला, म्हणाला, मुनीरभाई,
याला पुढं कायतरी जोडून द्या.
मला काही सुचलं नाही.

तेव्हापासून जरा जपून.

कुशावर्ताबाई आल्या त्या दिवशी
पदराला भाजलेल्या धण्यांचा वास,
बगलेत पत्र्याचा तुकडा.
"घरचं येसर विकायलोत. नाव टाका.
गंमत नको. साधं."

त्यांचे मालक ढगे सर.
विनाअनुदानित शाळेत सतरा वर्षं.
माझी शबाना त्यांच्याच वर्गात होती.
पगार आज होईल, उद्या होईल, होता होता
शाळेचीच मान्यता गेली
आणि सर चक्कीवर बसले.
गहू वेगळे भाजायचे, हरभऱ्याची डाळ वेगळी,
हे त्यांनी वहीत लिहून घेतलंय म्हणे, प्रयोगासारखं.

मी कुंचला बुडवला. 'ये' काढला.
आणि हात आपोआप वीतभर सरकला.
खरंच सांगतो, मुद्दाम नव्हतं.

ये      सर

बाई बघत राहिल्या.
मी टर्पेंटाइनची चिंधी उचलली, पुसतो, म्हणालो,
ओलंच आहे.
"सरांना कुणी ये म्हणतं का?
या म्हणतात," बाई म्हणाल्या.
मग थोड्या वेळानं,
"ऱ्हाऊ द्या.
या म्हणून तरी कुठं कुणी बोलावलं."

तीन अक्षरं, नव्वद झाले. बाईंनी शंभर दिले.
मी सुट्टे शोधेपर्यंत निघूनही गेल्या.

आता पुड्या जालन्याहून छापून येतात.
लायसनच्या फॉर्मवर कारकुनानं नाव जोडून लिहिलं,
त्यामुळं पुडीवर ते नुसतं येसर आहे,
वजन, तारीख, किंमत, सगळं बरोबर.
जागा फक्त माझ्या बोर्डावर उरलीय.

जुनी पोरं येतात, बोर्ड वाचतात,
आणि आपल्या पदरचा एक 'स' घालून म्हणतात
येस सर, पाव किलो.
सर हसत नाहीत. भुवयांवर पीठ. तोलून देतात.

आमच्या घरच्या बोलीत वाचलं
तर 'ये सर' म्हणजे हे डोकं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
पण सायकलवरून जाताना
चक्कीवर वाकलेलं ते पांढरं डोकं दिसतं
आणि वाटतं, बोर्ड तिथंच बरोबर लागलाय.

परवा शबाना माहेरी आली, गेली पुडी आणायला.
दारातूनच म्हणाली, येस सर.
सरांनी वर न बघता सांगितलं,
एकतीस.

रात्री तिनंच येसराची आमटी केली.
मीठ दोनदा पडलं होतं.
आम्ही भाकरी कुस्करून जेवलो,
कुणी काही बोललं नाही.