खलास

सोहारला आले त्या पहिल्या आठवड्यात
पाच नंबरवरून म्हातारा म्हणाला, "खलास?"
मी मॉनिटरकडे झेपच घेतली.
रेषा चालली होती नीट, बहात्तर, त्र्याहत्तर.
जिन्सी हसली. कोट्टयमची, अकरा वर्षं इथे.
"सुई टोचून झाली का विचारतोय गं."

इथे सगळंच खलास होतं.
चहा खलास, ड्यूटी खलास,
टॅक्सी दारात थांबते, खलास.
आमच्याकडे माणसाला
हा शब्द एकदाच लागतो.

म्हाताऱ्याचं नाव मुहन्ना. मासेमार.
मांडीतली नळी काढली की
वीस मिनिटं जांघ दाबून धरायची,
कोपर ताठ, अंगाचा सगळा भार तळहातावर.
नाक खाजलं तरी हात सोडायचा नाही.
बोटांखाली शीर उडत असते,
जाळ्यातल्या मासळीसारखी म्हणणार होते,
पण मासळी त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

माझी अरबी तेव्हा बारा शब्दांची.
दुखतंय? श्वास घे. पाय हलवू नको.
हवा, साबण, हिशेब हे तर मी घरूनच आणले होते
मेतकुटाच्या डब्याबरोबर,
आणि मला पत्ता नव्हता.

"मलबारी?"
"नाही. मिरज."
"समुद्र किती लांब?"
"एसटीने पाच तास."
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"मग तुम्ही राहता कसे?"

तिसऱ्या रात्री, तीन चाळीसला,
रेषेचं नुसतं गिचमिड झालं.
मी स्टुलावर चढले.
डॉक्टर इंग्रजीत ओरडत होते,
जिन्सी मल्याळममध्ये मेरीमातेला हाक मारत होती,
आणि मी मराठीत मोजत होते.
मोजणं मला दुसऱ्या भाषेत येतच नाही.
एकोणतीस लांबतं,
ते घाईने गिळावं लागतं, मग तीस,
मग पुन्हा एक.
किती वेळा एक, ते चार्टवर आहे.

बाहेर त्याचा मुलगा बदर,
हातात गाडीची किल्ली, एकाच पायात नीट चप्पल.
"खलास?"
सांगायचं काम डॉक्टरांचं, तसा नियम आहे.
मी मान खाली घातली.
क्षणभर वाटलं,
हासुद्धा सुईबद्दलच विचारतोय.

मग छातीवरचे चिकट गोल काढले एकेक.
त्यांच्या जागी पांढरे ठसे राहतात,
ते स्पिरिटने पुसले.
उन्हात रापलेली मान, आणि शर्टाच्या आत
तान्ह्या बाळासारखी कोरी कातडी.
हे त्याच्या बायकोशिवाय
कोणी पाहिलं नसेल.

साडेसहाला पाच नंबर भरला.
नवा पेशंट, जाड भिंगांचा चष्मा,
मी लीड लावताना निरखून बघत होता.
"मलबारी?"

हो म्हटलं.