पंखाचं टोक

शनिवारी रात्री बेरेट ओली करायची
आणि तशीच डोक्यावर वाळवायची,
म्हणजे उजव्या कानावर तिचा उतार बसतो,
असं सार्जंट कुट्टप्पन सांगायचे.
मी ती घालूनच झोपायचो.
उशीवरचा निळा डाग आई दोन वर्षं धूत राहिली,
मी पितळी बक्कल घासायला बसलो की विचारत राहिली,
पगार किती देतात रे?
दोन केळी, एक समोसा.

जुहूच्या धावपट्टीशेजारी गवत गुडघ्याएवढं.
आधी ते कापायचं. मग दगड वेचायचे,
कुत्री हाकलायची,
चेंडू शोधत आत शिरलेली पोरं हाकलायची.
मग ऊन. मग वारा फिरला म्हणून
अख्खा ग्लायडर ढकलत दुसऱ्या टोकाला.
आकाशाचं काम बहुतेक जमिनीवरच असतं
हे भरतीच्या फॉर्मवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझी पाळी आली ती सहा मिनिटं, चाळीस सेकंद.
मागे भरुचा सर, पुढे मी,
बाहेर तांडेल, पंखाचं टोक तळहातावर तोलून.
ग्लायडरला चाक एकच. कुणी पंख धरला नाही
तर तो एका कुशीवर पडून राहतो, आजारी गुरासारखा.
केबल ताणली. तांडेल धावला,
एक बूट निसटला तरी धावला,
आणि मग काचेत तांडेल नव्हता.

वर गेल्यावर केबल सुटली, खटकन,
आणि आवाज संपला.
एवढं गप्प शहर मी पाहिलं नव्हतं.
फक्त वारा, कुणी नवं कापड फाडत बसावं तसा.
खाली माडांची डोकी, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या,
इर्ल्याचा नाला, उन्हात चक्क चमकणारा.
आमची चाळ शोधत होतो.
"त्या लाल कौलांवरून डावीकडे घे," सर म्हणाले.
कुठली लाल? मी विचारलं.
मागे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मेडिकलला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
पानापानांत आकडे लपलेले, म्हणे.
तांडेलला चौऱ्याहत्तर दिसले. मला एकवीस.
पुढच्या पानावर मला आकडा दिसला,
त्याला नुसते ठिपके.
तो मला खुणेनं सांगू बघत होता,
डॉक्टरांनी ते पाहिलं आणि रागावले नाहीत.
तेच जास्त लागलं.

त्यानंतर झेंडी कधी माझ्या हातात आली नाही.
पंख आला.
दीड वर्ष मी धावलो,
तांडेलसाठी, गोवंडीच्या इनामदारसाठी,
डोळे गच्च मिटून उडणाऱ्या वसईच्या परेरासाठी.
पंधरा-वीस पावलं.
आधी तो सगळा भार तुमच्यावर टाकतो,
मग दोघं एकमेकांना धरून,
मग कधीतरी, नेमकं कधी ते एकदाही कळलं नाही,
हातात वजन उरत नाही
आणि तुम्ही उगाच धावत असता.

आता परळला लिफ्ट दुरुस्त करतो. बावन्न मजले.
केबल, चाक, वजन, सामान तेच.
वायरींचे रंग सुफियान सांगतो,
तो रजेवर असला की पट्ट्यांवरचे नंबर वाचतो.
मशीनरूमचं दार उघडलं
की घारी माझ्या खालून जातात.
डबा तिथेच खातो.

मागे वर्सोव्याला गेलो होतो, तांडेलची चौकशी केली.
"कुठला तांडेल?" बर्फाच्या कारखान्यावरचा माणूस म्हणाला,
"अर्धं गाव तांडेल आहे."
वर्णन करायला लागलो आणि थांबलो.
चेहरा येईना. यायचं ते
मोजा घातलेलं एक पाऊल, गवतावर आपटणारं,
आणि मी परत येईपर्यंत तिथेच पडून राहिलेला बूट.
आठ नंबरचा, मी त्याला सांगितलं. डाव्या पायाचा.
तो बर्फ फोडत राहिला.