दहा मिनिटं पुढे

शिरपुरात क्षितिज नाही.
उत्तरेला सातपुडा आडवा,
दक्षिणेला जिनिंगमधल्या कापसाच्या गंज्या.
म्हणून परातीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततो,
गच्चीवर ठेवतो,
वारा लागू नये म्हणून चारी अंगांनी विटा.
जानेवारीचा सूर्य त्यात उतरतो
काळपट, गोल.

आता सेक्स्टंट डोळ्याला लाव, रोशनी.
वरचा सूर्य खाली आण,
परातीतल्या सूर्यावर टेकव,
तव्यावर भाकर टाकतात तसा, कड दुमडू द्यायची नाही.
येईल तो कोन दुप्पट असतो.
अर्धा कर.
जमिनीवर बसून समुद्र शिकायचा तर
एवढी तडजोड आलीच.

बावीस वर्षं पाण्यावर काढून परतलो तेव्हा
पारावर विचारायचे, 'समुंदर कसा ऱ्हास भो?'
कंटाळवाणा, मी सांगायचो.
कुणाला पटलं नाही.

खालच्या गाळ्यात मन्साराम मिस्त्रीची तुकडी.
पहिला महिना तो पोरांना पुस्तक उघडू देत नाही.
पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला:
'आयक. बेअरिंग काय बोली ऱ्हायनं?'
भटू म्हणतो, कुरकुरतंय.
कुरकुर नाही रे, तहान लागलीय त्याला.
मन्सारामनं जहाज पाहिलंय ते कॅलेंडरवर.
पण त्याची तीन पोरं या घडीला
कुठल्यातरी इंजिनरूममध्ये, पंचेचाळीस डिग्रीत,
पेचकस कानाला लावून उभी असतील.

दिलवर पावरा बोराडीकडून आला
एजंटाला दीड लाख देऊन झाल्यावर.
नोकरीचं पत्र खोटं होतं,
लॅमिनेशन मात्र खरं.
रात्री त्याला ध्रुव दाखवायला गेलो.
त्यानं हात लांब केला, मुठीवर मूठ ठेवली:
दोन मुठी, वर एक बोट.
एकवीस अंश आणि थोडं.
मला हे यायला सहा महिने लागले होते.
बकऱ्या हुडकताना आजा असंच मोजायचा, म्हणाला,
कुठंही गेलं तरी मुठी तितक्याच.
फार लांब गेलास तर बदलतील.
'किती लांब?'
तोच तर सगळा अभ्यासक्रम.

आज वेळ टिपायचं काम दिलवरचं.
सूर्य माथ्याशी थांबतो
(थांबत नाही, तसं वाटतं)
त्या क्षणी त्यानं जिन्यातून वाकून
भिंतीवरचं घड्याळ वाचलं.
रोशनीनं अर्धं केलं, वजाबाक्या केल्या.
अक्षांश बरोबर.
रेखांश बहात्तर अंश तेवीस कला.
नकाशावर पेन्सिलीचं टोक ठेवून ती गप्प झाली.

आम्ही खंभातच्या आखातात होतो.
परात, विटा, कापसाच्या गंज्या,
मन्सारामचं तहानलेलं इंजिन,
सगळ्यांच्या खाली दहा-बारा वाव पाणी.

घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.
हमाल वेळेवर यावेत म्हणून मालक मुद्दाम ठेवतो.
चार मिनिटांना एक अंश,
पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी.
अशाच चुकीनं जहाजं खडकावर चढतात,
हे तिथल्या तिथं सुनवायला हवं होतं.
पण भटू हात पुसत वर आलेला,
नकाशात डोकावून म्हणाला,
'म्हंजे तापी मागे राहिली आपली?'

मी जरा वेळ काहीच बोललो नाही.

'सर, तिकडे अर्धं करावं लागत नाही ना?'
नाही. तिकडे क्षितिज असतं.
'सगळीकडून?'
सगळीकडून.
रोशनीनं परातीत पडलेला कापसाचा तंतू
बोटानं काढला. सूर्य फुटला, पुन्हा जुळला.

मग चूक सांगितली.
दिलवर स्टूल घेऊन आत गेला.
मालक ओरडेल, मन्साराम खालून म्हणाला.
ओरडू दे.
काटा एकेक मिनिट मागे येत होता
आणि आम्ही परतत होतो:
सुरत, उकाई, प्रकाशा,
सावळद्याचा पूल.