एकतिसाव्या प्रकरणाचा काठ

गुरुवारी शटर अर्ध्यावर ओढून
राइवो दुरुस्तीला आलेल्या सायकलींमध्ये टेबल मांडतो.
पंक्चरच्या सोल्यूशनचा वास, काळा पाव, बरणीतल्या काकड्या.
बाहेर तार्तूची नदी गोठायच्या बेतात.

मेरिके वही उघडते तीच कपाळाला हात लावून.
"सैन्य काठावर आलंय," ती म्हणते,
"आणि नावाडी मी तिसऱ्याच प्रकरणात मारलाय."

तर इथं घोडं अडलं.
एक नव्हे, चार हजार घोडी.
नियम तिचेच : या नदीवर पूल टिकत नाही,
वल्हं चालतं ते एकाच घराण्याच्या हातात,
आणि नावेशिवाय जो पाण्यात उतरेल
त्याचं नाव जातं.

काउर एकोणीस वर्षांचा. त्याच्या मते, ड्रॅगन.
हिल्ये खिडकीकडे बोट दाखवते : गोठव ना नदी.
"कथेत जून आहे."
राइवो म्हणतो, जुळा भाऊ असेल नावाड्याला.
आम्ही सगळे एकदम कण्हतो.
तो जीभ चावून कुणाच्या तरी चेनला तेल घालू लागतो.

मी म्हटलं, उतरू दे सगळ्यांना पाण्यात.
निनावी सैन्य पैलतीरी निघेल,
कुणासाठी लढायचं तेच आठवणार नाही.
क्षणभर कुणी बोललं नाही. वाटलं, जिंकले.
"मग उरलेली नऊ प्रकरणं कशाची लिहू?" मेरिके म्हणाली.

आगो निवृत्त दंतवैद्य.
त्यानं तिसरं प्रकरण मागून घेतलं,
दिव्याखाली धरलं, दाढ तपासावी तसं.
"'पाणी मिटलं.' एवढंच लिहिलंयस तू.
प्रेत कुठाय?"

मग काय विचारता!
काउरच्या थापेनं बरणी कलंडली,
व्हिनेगरमध्ये भिजत आम्ही नावाड्याला जगवला :
लव्हाळ्यात अडकलेला, एका विधवेनं ओढून काढलेला,
खालच्या गावात नाव बदलून मीठ विकणारा,
(नाव तर गेलंच होतं, बदलेल कुठून? पण असो)
हिल्येनं त्याला दाढीसुद्धा दिली.

मेरिके काहीच लिहून घेत नव्हती.
तिनं पेनाला टोपण लावलं.
"तो मेलाय."
"अगं, पण पुरावा..."
"मेलाय, आगो. त्या आठवड्यात माझ्या भावानं
वडिलांची होडी विकली. मला न विचारता.
मी त्याला पाण्यात पाहत होते.
मग पाण्यातच लिहिला."

छताला टांगलेलं एक चाक उगाच फिरत होतं.
"कुठं असतो तो?"
"पार्नूला. दोन तासांवर.
सहा वर्षं झाली."

यावर कुणी तोडगा सुचवला नाही.
काउरनंसुद्धा ड्रॅगन काढला नाही.

कप विसळले, व्हिनेगर पुसलं,
आणि पुलावरून घरी निघालो. आमचा पूल टिकलेला होता.
पाण्याला कडेनं साय धरत होती.

रात्री साडेबाराला मेरिकेचा मेसेज :
"काठावरच थांबू दे त्यांना.
पण इतकी माणसं रोज खातील काय?"

आगो : मासे.
राइवो : मासे धरायला होडी लागेल.

त्यानंतर बराच वेळ
मेरिकेच्या नावाखाली नुसतं
लिहीत आहे
थांबलं
लिहीत आहे