सॉकेट बदलणार म्हणे

तपकीर गल्लीत ललवाणीनं
खोका उघडून नुसता दाखवला.
चौकोनी, राजगिऱ्याच्या वडीएवढा,
पाठीवर सोन्याचे बारीक ठिपके.
"हात नका लावू मॅडम," म्हणाला,
आणि मग आपणहूनच,
"पण माझं ऐकाल तर दिवाळीपर्यंत थांबा.
नवी सिरीज येतेय. सॉकेट बदलणार म्हणे."

विकणाराच थांबा म्हणाला
तर घेणाऱ्यानं काय म्हणायचं असतं,
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आत्ता घेतला तर बोर्ड घ्यावा लागेल,
बोर्ड घेतला तर रॅम,
आणि त्यावर जुना पंखा बसत नाही.
एक ठसठसणारा दात दाखवायला जावं
आणि डॉक्टरनं अख्खी कवळी लिहून द्यावी!
दिवाळीत घ्यावा तर पहिल्या खेपेचा भाव,
संक्रांतीला उतरेल.
संक्रांतीला कुणीतरी सांगेलच
की पाडव्याला आणखी एक येतोय.

अनघनं यावर तक्ता केलाय.
कोर, वॅट, रुपये, हप्ते.
शेवटच्या रकान्यात सगळीकडे लिहिलंय, "बघू".
सात वर्षांच्या संसारात
इतका प्रामाणिक रकाना मी पाहिला नव्हता.

जुना प्रोसेसर लग्नाच्या आधीचा.
सहा कोर, माझ्या पहिल्या कमाईचा.
काम माझं असं, की
न बांधलेल्या इमारतींत ऊन सोडायचं.
वाघोलीच्या सतराव्या मजल्यावर
जिथं अजून नुसतीच हवा आहे,
तिथं मी एक कुंडी ठेवते,
पडदा जरासा फुगवते,
आणि बटण दाबून उठते.
एक चित्र, चाळीस मिनिटं.
पंखा असा किंचाळतो की
भिंतीपलीकडच्या कुलथेकाकू विचारतात,
रोज एवढं वाटता तरी काय गं मिक्सरवर?

मग बिल्डरकडच्या बिडकरांचा फोन.
"मॅडम, ऊन जरा श्रीमंत करा."
पुन्हा चाळीस मिनिटं.

त्या चाळीस-चाळीस मिनिटांत
मी लसूण सोललाय, विजेचं बिल भरलंय,
आईशी भांडून, ठेवून,
परत फोन लावून तिला हसवलंय.
एकदा मार्चमध्ये, भर दुपारी,
गार फरशीला पाठ टेकून
छताकडे बघत पडून राहिले.
कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं,
रेंडर चालू आहे.

नव्यावर नऊ मिनिटं लागतील.
नऊ मिनिटांत पावशेर लसूण होत नाही.
आणि बिडकरांना सुगावा लागला
तर उरलेल्या एकतीस मिनिटांत
ते आणखी तीन उन्हं मागतील.

हे अनघला सांगितलं नाही.
तक्त्यात रकाना कुठाय त्याला?

शनिवारी रात्री मी कॅबिनेट उघडलं.
आत तीन भाड्याच्या घरांची धूळ:
वारजे, कर्वेनगर,
आणि वरचा करडा थर कोथरूडचा,
मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हाचा.
पेस्ट वाळून खडू झालेली.
खरवडली, पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली,
पंखा रंगवायच्या ब्रशनं झाडला.
चौऱ्याण्णव अंशांचे बहात्तर झाले.
मिक्सर गप्प.
सकाळी कुलथेकाकू दार वाजवून गेल्या,
सगळं ठीक आहे ना, विचारायला.

चाळीसची छत्तीस मिनिटं झालीत.
शिलकीतल्या चार मिनिटांचं
काय करायचं, ते अजून ठरत नाही.

सोमवारी ललवाणीचा फोन आला,
"शेवटचा पीस आहे मॅडम, बाजूला ठेवू?"
मी म्हटलं, बघू.
तो हसला. त्याच्याकडेही
असा एखादा तक्ता असणार.

पडद्यावर वरून एकेक ओळ
ऊन उतरतंय.
कठड्यावरून कुंडीपर्यंत आलंय,
खाली अजून काळोख आहे.
त्या बाल्कनीचा हप्ता भरणारं कुणीतरी
या क्षणी कुठल्यातरी सिग्नलला उभं असेल.
मी ताट पुढे ओढते.

लसूण संपलाय.