चोपन्न किलो

राजेशम येलदीचा डावा हात
दिसायचा नाही; लागायचा तेवढा.
साखर पेठेत, तालमीच्या मागं, पत्र्याखाली
मी त्याच्यासमोर तीन वर्षं उभा राहिलो,
म्हणून माझं नाक असं आहे.

रात्रपाळी करून यायचा, भुवयांत कापसाची पिंज.
वजनकाट्यावर चढायच्या आधी ती झटकायचा,
म्हणायचा, हिचं वजन मालकाच्या खात्यावर.
आई मांडीवरचं विड्यांचं सूप न हलवता
समोरच्या दारातनं तेलुगूत ओरडायची,
आणि तो हसायचा, मला मारता मारता.

पुण्याच्या निवडीला दोघं निघालो.
कुर्डुवाडीला तो चहाला उतरला.
गाडी हलली. मी दारात, हात बाहेर काढून.
तो पळाला नाही.
कप धरून बघत राहिला,
घंटा व्हायच्या आधी कोपऱ्यातनं बघायचा तसा.

मी दुसऱ्या फेरीत पडलो. तेवढ्यावर
मला पोलिसात नोकरी लागली.

अशोक चौकात अजून कारणं सांगतात: पोरगी, दारू,
भ्याला म्हणे. भ्याला? तो?
एकदा मीच विचारलं, मागाच्या खडखडाटात, ओरडून.
कानाजवळ येऊन म्हणाला,
चहा लई गरम होता रे.

परवा टॉवेलाचा दोरा तुटला, माग थांबला.
अचानक एवढी शांतता,
आणि त्याचा डावा खांदा आपोआप
हनुवटीपर्यंत वर आला.
माझी मान, तीस वर्षांनी,
बाजूला झाली.