उंदरांना पाणी

माको गावात कुणी रडलं
तर रडतोय म्हणत नाहीत.
म्हणतात, उंदरांना पाणी पाजतोय.
चिडला तर त्याला टर्कीचं विष चढतं,
हरखला तर शेपटी पाहून खूश झालेलं माकड.
कुणी ठरवलं हे, ठाऊक नाही.
टर्कीला तर कुणीच विचारलं नसणार.

एतेल्का कांद्याच्या शेडमध्ये बसते,
मोठा वेगळा, बारका वेगळा.
तिथे सगळ्याच बायका पहाटे सहापासून
उंदरांना पाणी पाजतात,
म्हणून नवरा गेला त्या आठवड्यात
तिनं एकही सुट्टी घेतली नाही.

घरी मात्र कांदा चिरलेला नव्हता.
ती स्टोव्हकडे तोंड करून उभी,
मागून बेंदेगूझ, वय साडेचार:
"आई, परत उंदीर?"
"हो रे. तहानलेत."
"किती आहेत?"
ते तिनं मोजले नव्हते.

सकाळी कपाटामागे, पलंगाखाली,
बापाच्या बुटांशेजारी
बाटल्यांची झाकणं. सात.
काठोकाठ भरलेली,
एकात पावाचा तुकडा फुगून आलेला.

तिनं फडकं घेतलं.
वाकली.
फडकं परत खुंटीला.

संध्याकाळी बुटांजवळचं झाकण कोरडं होतं.
शेजारची मांजर आली असेल,
नाहीतर स्टोव्हची धग.

"भागली का गं त्यांची तहान?"
"एकाची," ती म्हणाली,
आणि पाण्याचा जग
त्याच्या दोन्ही हातांत दिला.